लाल विंचवाचा अधिवास आणि बदलते हवामान : कोकण व सोलापूर परिसराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या लोकजीवनात विंचवाला जे स्थान लाभले आहे ते अन्य कोणत्याही लहान विषारी प्राण्याला लाभलेले नाही. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण, विंचू उतरविणारा मांत्रिक, मोठ्या विंचवासाठी रूढ असलेला 'इंगळी' हा शब्द आणि सोळाव्या शतकात संत एकनाथांनी विकारांचे रूपक म्हणून भारुडात आणलेला विंचू, ही सारी त्याचीच साक्ष होय. ज्या प्रदेशात प्रत्येक घराला विंचवाचा अनुभव आहे, त्याच प्रदेशात असे रूपक सहज समजते. परंतु लोकसाहित्यातील या विंचवाकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेले नाही. दुष्काळ, प्लेग, पटकी आणि देवी यांचा इतिहास लिहिला गेला. शेतात, गोठ्यात आणि अंगणात होणारा विंचूदंश मात्र वैद्यकीय नियतकालिकांपुरता राहिला.

आज या विषयाला नवे परिमाण प्राप्त झाले आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असताना विषारी प्राण्यांचे अधिवास सरकतील काय, हा प्रश्न जगभर विचारला जात आहे. महाराष्ट्रापुरता तो प्रामुख्याने लाल विंचवाविषयी उपस्थित होतो. शास्त्रीय परिभाषेत 'हॉटेंटोटा टॅम्युलस' या नावाने ओळखली जाणारी ही जाती जगातील अत्यंत घातक विंचवांमध्ये गणली जाते. कोकणात तिने असंख्य बळी घेतले आहेत. देशावर, विशेषतः सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, तिचा दंश वेदनादायक पण बहुधा जीवघेणा नसलेला समजला गेला. कोकण आणि देश यांमधील ही समजुतीची सीमारेषा कशी तयार झाली, ती कितपत पक्की आहे आणि बदलत्या हवामानात तिचे काय होईल, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अधिवास आणि विष : एक जुना विचार

विंचू कोठे राहतो यावरून त्याच्या विषाची तीव्रता ठरविण्याचा विचार भारतात नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे तीस प्रकार सांगून त्यांची मंद, मध्यम आणि तीव्र विषाचे अशा तीन वर्गांत विभागणी केली आहे. मंद विषाचे विंचू शेणासारख्या पदार्थांतून, मध्यम विषाचे लाकूड व विटांतून आणि तीव्र विषाचे सापाच्या कुजलेल्या देहातून उत्पन्न होतात, असे तेथे म्हटले आहे. उत्पत्तीविषयीची ही कल्पना आज स्वीकारता येणार नाही. तथापि तिच्यामागील निरीक्षण लक्षणीय आहे. शेणाचा ढीग, लाकडाची रास आणि विटांची भिंत या विंचू सापडण्याच्या जागा होत्या आणि ठिकाण बदलले की दंशाचा परिणाम बदलतो, हे त्या काळच्या वैद्यांच्या ध्यानात आले होते.

आधुनिक प्राणिशास्त्रात या जातीची पहिली नोंद योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याने १७९८ मध्ये केली. पुढे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक याने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ब्रिटिश भारताची प्राणिसंपदा' या मालिकेतील खंडात भारतातील विंचवांचे पद्धतशीर वर्णन केले आणि कोकणातील लाल विंचवाला कोकणाच्याच नावाने स्वतंत्र प्रकार म्हणून ओळख दिली. मुंबईच्या हाफकिन संस्थेत फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी भारतीय विंचवांवरील आपला प्रबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या टिकादर व बस्तवडे यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलेला विंचवांवरील खंड हा या क्षेत्रातील आधारग्रंथ ठरला. दरम्यान या जातीचे शास्त्रीय नाव बुथस, मेसोबुथस आणि अखेर हॉटेंटोटा असे बदलत गेले. जुनी वैद्यकीय टिपणे वाचताना ही तिन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

कोकण : मृत्यूपासून उपचारापर्यंत

विंचूदंशाने हृदय व फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधणारे एक महत्त्वाचे टिपण १९६१ मध्ये डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. विंचू चावल्यानंतर रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साचते आणि त्यातच त्याचा अंत होतो, हे त्यांनी नोंदविले. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातील गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी पंचवीस ते तीस टक्के रुग्ण याच कारणाने दगावत होते. भाताच्या पेंढ्या उचलणारा शेतकरी, सरपण काढणारी बाई आणि अनवाणी खेळणारे मूल हे या मृत्यूंचे नेहमीचे धनी होते.

या परिस्थितीत परिवर्तन घडविण्याचे श्रेय डॉ. हिंमतराव बावसकर यांच्याकडे जाते. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. बावसकर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तत्कालीन कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील या केंद्रात त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून लक्षणांचा क्रम टिपला. दरदरून घाम येणे, उलट्या होणे, हातपाय थंड पडणे, रक्तदाब प्रथम वाढणे आणि नंतर हृदय थकून फुप्फुसात पाणी साचणे, असा तो क्रम होता. त्यांची ही निरीक्षणे १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या लक्षणांमागील क्रिया अशी आहे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते आणि शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा अकस्मात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावरील भार वाढतो आणि ते कोलमडते. हे ओळखून डॉ. बावसकर यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइडचा उपयोग केला. मात्र ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते व सतत देखरेख मागते. खेड्यातील केंद्राला ते परवडणारे नव्हते. त्यानंतर त्यांनी उच्च रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध निवडले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी ही साधी, स्वस्त गोळी तोंडावाटे देता येते. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचे या उपचारावरील टिपण १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. या उपचारपद्धतीनंतर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आत आले.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार झाले. प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास काय होते याची तपासणी महाड येथे ७० रुग्णांवर करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. दोन्ही उपाय मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ रुग्ण दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी तेवढ्या वेळात बरे झालेले रुग्ण ८ होते. डॉ. बावसकर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा सन्मान प्राप्त झाला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. विंचूदंशावरील ज्ञान जेथे मृत्यू अधिक होते तेथेच, म्हणजे कोकणात, जन्माला आले. तेथील डॉक्टर, रुग्णालये आणि सामान्य लोकही या लक्षणांना सरावले. ज्या भागात दंश सौम्य समजला गेला त्या भागात ही सजगता त्या प्रमाणात निर्माण होण्याचे कारण नव्हते.

सोलापूर : माळरान, पांढरी आणि माळवद

सोलापूर जिल्हा हा भीमा, सीना, माण आणि नीरा या नद्यांचा, परंतु पावसाच्या दृष्टीने दख्खनच्या पर्जन्यछायेत आलेला प्रदेश होय. महाडच्या बाजूस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरात तो सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तोही बेभरवशाचा. कोकणातील जांभ्या दगडाच्या जागी येथे बेसॉल्ट, मुरूम आणि काळी माती आहे. नदीकाठी खोल काळी जमीन आणि चढावर पातळ मातीचा थर असलेले माळरान, अशी येथील भूरचना आहे.

विंचवाच्या दृष्टीने माळरान हा उत्तम अधिवास आहे. सुट्या दगडांखाली दिवसा सावली आणि ओलावा मिळतो, मुरमात भेगा असतात आणि रात्री किडे भरपूर असतात. येथे लाल विंचवाबरोबर आकाराने मोठा, परंतु विषाने सौम्य असा काळा विंचूही आढळतो. आकारावरून भय ठरविण्याच्या सवयीमुळे लहानसर लाल विंचवाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका येथे नेहमी राहतो.

माळाइतकाच महत्त्वाचा अधिवास म्हणजे जुने गाव. सोलापूर परिसरातील पारंपरिक घरे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवद असलेली असत. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर अशी माळवदाची रचना उन्हाळ्यात घर थंड ठेवी. तोच थंडावा विंचवालाही मानवे. चुन्याशिवाय रचलेले दगडी वाडगे, शेणाच्या गोवऱ्यांचे उडवे, कडब्याची गंज आणि तुराट्यांची रास या साऱ्या जागा माणसाच्या नित्य वापरातील होत्या. सुश्रुतसंहितेतील शेण, लाकूड आणि वीट ही यादी सोलापुरातील एखाद्या वाड्याच्या परसातील वस्तूंची यादी वाटावी, इतके हे साम्य आहे.

येथून आग्नेयेस, कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात कंदकूर नावाचे गाव आहे. नागपंचमीच्या दिवशी तेथील डोंगरावर लोक दगडाखालचे विंचू काढून अंगाखांद्यावर खेळवितात. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी पावसाळ्यातील या काळात विंचू मोठ्या संख्येने हाती लागतात, ही त्या प्रथेतील नैसर्गिक वस्तुस्थिती आहे. दख्खनचे पठार विंचू आणि मनुष्य यांच्या दीर्घ सहवासाचा प्रदेश आहे, हे यावरून दिसते.

सीमारेषा कितपत पक्की?

कोकणचा विंचू मारतो आणि देशावरचा केवळ रडवतो, या समजुतीस काही शास्त्रीय आधार आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उष्ण-दमट कोकण आणि निमशुष्क दख्खन येथील लाल विंचवांच्या विषांची तुलना करण्यात आली. जाती एकच असूनही दोन्हींच्या विषातील पेप्टाइडांची घडण वेगळी आढळली. म्हणजे अधिवासानुसार विषाची घडण बदलते, या जुन्या निरीक्षणाला प्रयोगशाळेतून दुजोरा मिळाला.

परंतु या निष्कर्षाचा अर्थ दख्खनचा विंचू निर्धोक आहे असा काढणे चुकीचे ठरेल. कर्नाटकातील बळ्ळारी, आंध्र प्रदेश आणि पुदुच्चेरी येथील रुग्णालयांतून फुप्फुसात पाणी साचलेल्या विंचूदंशाच्या रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध झाले आहेत. यांपैकी बळ्ळारीचा परिसर हवामानाच्या दृष्टीने सोलापूरला कोकणापेक्षा कितीतरी जवळचा आहे. वय, शरीराचे वजन, विषाची मात्रा आणि उपचारास लागलेला वेळ हे घटकही निर्णायक असतात. ज्या दंशाने धडधाकट पुरुष रात्रभर कण्हतो, त्याच दंशाने चार वर्षांचे मूल दगावू शकते. कोकण व देश ही विभागणी सरासरीपुरती खरी आहे. ती एखाद्या रुग्णाच्या उशाशी बसून उपयोगात आणता येत नाही.

मानवनिर्मित स्थित्यंतरे

हवामानबदलाचा विचार करण्यापूर्वी सोलापूरच्या भूमीत गेल्या दीडशे वर्षांत माणसाने घडविलेले बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. सोलापूर शहराजवळील एकरूख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर लगेच १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने जिल्हा होरपळला. शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ आले. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ मध्ये सोलापुरात केंद्र सुरू झाले. १९७२ च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडण्याच्या, नालाबांध घालण्याच्या आणि पाझर तलाव खोदण्याच्या कामावर होते. माळावरचा दगड इतक्या मोठ्या प्रमाणावर उलथला जाणे म्हणजे विंचवाचे घर उलथले जाणेच होते.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जिल्ह्याचे चित्र पालटले. ज्वारीच्या पट्ट्यात ऊस आला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून सोलापूर ओळखला जातो. चढावरच्या मुरमाड जमिनी यंत्रांनी सपाट होऊन तेथे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य घोषित झाले. तथापि महसुली भाषेत पडीक म्हणून नोंदलेले माळरान त्याबाहेर आक्रसतच गेले. माळ घटला तसे विंचवाला खाणारे घुबड, घोरपड आणि मुंगूस यांचेही आश्रयस्थान घटले.

या स्थित्यंतराचा विंचवावरील परिणाम एकेरी नाही. पाण्याखाली गेलेल्या आणि सतत ओल्या राहणाऱ्या उसाच्या शेतात बिळात राहणाऱ्या प्राण्याला स्थान उरत नाही. याउलट बांधावर रचलेले दगड, वीटभट्ट्या, खाणींचे ढिगारे, ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या आणि शेतवस्तीवरील अर्धवट बांधकामे हे त्याचे नवे अधिवास ठरतात. अधिवास नाहीसा होण्याऐवजी माणसाच्या अधिक जवळ सरकतो, ही या प्रक्रियेची दिशा आहे. रात्रीच्या पाळीत मिळणारी वीज शेतकऱ्याला अंधारात बांधावर नेते आणि विंचू तर निशाचरच आहे. विंचूदंशाच्या इतिहासात वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकालाही स्थान द्यावे लागेल, ते यामुळेच.

बदलते हवामान आणि अधिवास

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे. हवामान विभागाच्या नोंदीनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या मध्य भारतीय पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सोलापूर जिल्ह्याने हे बदल प्रत्यक्ष अनुभवले आहेत. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने भीमेच्या खोऱ्यात हाहाकार उडविला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांतील गावे वेढली गेली. अवर्षणप्रवण जिल्हा महापुराचे तडाखेही सोसू लागला आहे.

विंचू हा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान आणि म्हणून त्याची हालचाल, भूक व प्रजनन ही भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असतात. तो अत्यल्प पाण्यावर आणि दीर्घकाळ उपाशीही जगू शकतो. त्यामुळे उष्णतेच्या वाढीस तो सहजासहजी बळी पडणार नाही. हिवाळा सौम्य झाला तर त्याच्या हालचालीचा काळ लांबेल. अतिवृष्टीने बिळे पाण्याने भरली की तो उंच आणि कोरड्या जागी, म्हणजे बहुधा माणसाच्या घरात, येईल. इजिप्तमधील आस्वान येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये वादळी पावसानंतर विंचू वस्तीत शिरले आणि सुमारे पाचशे लोकांना दंश झाले. वाळवंटी शहरात घडलेली ही घटना सोलापूरसारख्या कोरड्या, पण अवचित जलमय होणाऱ्या जिल्ह्याला विचार करावयास लावणारी आहे.

तथापि उष्णता वाढली की विंचू सर्वत्र पसरतील, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. मोरोक्कोतील विंचवांच्या वितरणाचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विंचू कोठे आढळतील हे ठरविणारा सर्वांत प्रभावी घटक मातीचा प्रकार असल्याचे दिसून आले. काही जातींच्या बाबतीत तापमान महत्त्वाचे होते, परंतु सर्वांच्या नव्हे. हवामान काही दशकांत बदलते, माती त्या वेगाने बदलत नाही. कोकणातील जांभा आणि सोलापूरचा मुरूम आपापल्या जागी राहणार असल्याने, कोकणातील विंचू घाट चढून सोलापुरात येतील ही भीती अनाठायी आहे. लाल विंचू सोलापुरात आधीपासूनच आहे. बदलणार आहे ती त्याच्या व माणसाच्या भेटीची जागा, वेळ आणि वारंवारता.

अधिवास दूरवर सरकण्याचा दुसरा मार्ग म्हणजे मानवी वाहतूक. श्रीलंकेच्या उत्तरेकडील जाफना द्वीपकल्पात लाल विंचवाचे दंश आढळू लागले आणि २०१५ मध्ये त्यांचा सविस्तर वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातून मालवाहतुकीबरोबर हा विंचू तेथे पोहोचला असावा, असे मत मांडले गेले आहे. ब्राझीलमधील पिवळा विंचू हे याहून ठळक उदाहरण होय. या जातीची मादी नराविना पिलांना जन्म देऊ शकते. त्यामुळे विटांच्या किंवा भाजीपाल्याच्या गाडीतून एक मादी नव्या शहरात गेली तरी वसाहत उभी राहते. ब्राझीलमध्ये २०१७ पासून वर्षाला एक लाखाहून अधिक विंचूदंश नोंदले जात आहेत. तेथे दंशाची नोंद सक्तीची असल्यामुळेच ही वाढ वेळीच ध्यानात आली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे खरे, पण दूरच्या प्रवासात ते माणसाच्या पाठीवर असते, असे या दोन्ही उदाहरणांवरून म्हणता येईल.

माणसाचे वर्तनही हवामानानुसार बदलते. उकाड्याच्या रात्री अंगणात किंवा गच्चीवर जमिनीवर अंथरूण टाकणे, दुपारचे ऊन टाळून पहाटे अंधारात शेतात जाणे, पुरानंतर चिखलातून घरसामान उपसणे या प्रत्येक प्रसंगी दंशाची शक्यता वाढते. या कामांत अनवाणी पाय आणि उघडे हात कोणाचे असतात याचे उत्तर शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरील कुटुंबे आणि त्यांची मुले असेच आहे. हवामानबदलाचा भार समाजात समान वाटला जात नाही, या विधानाचे विंचूदंश हे एक नेमके उदाहरण आहे.

नोंदीचा प्रश्न

जगात वर्षाला सुमारे बारा लाख विंचूदंश होतात व तीन हजारांहून अधिक मृत्यू घडतात, असा अंदाज शिपो आणि गोयफोन या अभ्यासकांनी २००८ मध्ये मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश २०१७ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. भारतातही सर्पदंशासाठी २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंश हा नोंदणीयोग्य आजार घोषित करण्याची सूचना केंद्राने केली. विंचूदंशाला असे स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. वस्तुतः दोन्हींचे बळी एकाच वर्गातील, एकाच शेतातील आणि बहुधा एकाच ऋतूतील असतात.

इतिहासाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. अधिवास सरकला किंवा दंशाचा हंगाम लांबला हे सिद्ध करण्यासाठी आधीची नोंद लागते. डॉ. बावसकर यांचे कार्य उभे राहिले ते रुग्णाच्या उशाशी केलेल्या नोंदींवर. त्या नोंदी नसत्या तर प्राझोसिनने किती प्राण वाचले हेही सांगता आले नसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कोकण आणि देश यांमधील विंचूदंशाच्या तीव्रतेची सीमारेषा अंशतः विषाच्या घडणीतील फरकातून आणि अंशतः वैद्यकीय अनुभवाच्या विषम वाटणीतून निर्माण झाली आहे. ती निसर्गाने कायमची आखलेली रेषा नव्हे. दुसरा असा की, सोलापूर परिसरात लाल विंचवाचा अधिवास गेल्या दीडशे वर्षांत दुष्काळी कामे, धरण, ऊस, बागा आणि बांधकामे यांनी ढवळून काढला आहे आणि हवामानबदलाचा परिणाम या बदललेल्या भूमीवर होणार आहे. तिसरा असा की, धोक्याचे स्वरूप नव्या प्रदेशात विंचू पोहोचण्यापेक्षा जुन्याच प्रदेशात माणसाशी त्याची गाठ अधिक वेळा आणि अवेळी पडण्याचे आहे.

या पार्श्वभूमीवर उपाय खर्चिक नाहीत. ग्रामीण आरोग्य केंद्रांत प्राझोसिन व विंचवाचे प्रतिविष उपलब्ध असणे, पुरानंतरच्या आरोग्य पथकांना दंशाची लक्षणे ज्ञात असणे आणि मांत्रिकाकडे जाण्यात पहिले तास न दवडणे, एवढ्याने बहुतेक मृत्यू टळू शकतात. विंचूदंशाच्या प्रत्येक रुग्णाचे गाव, महिना, वेळ आणि दंशाची जागा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत लिहिली गेल्यास दहा वर्षांत जिल्ह्याचा नकाशा तयार होईल.

यात महाविद्यालयांनाही कार्य आहे. अतिनील प्रकाशात विंचवाचे शरीर हिरवट-निळे चमकते. साध्या अतिनील विजेरीच्या साहाय्याने प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, पुरेशी सुरक्षितता बाळगून आणि विंचवाला हात न लावता, माळरान, ऊसपट्टा आणि शेतवस्ती येथील विंचवांची मोजणी करू शकतात. भूगोल विभाग तिला माती व पर्जन्याची जोड देऊ शकतो आणि इतिहास विभाग जुन्या दुष्काळी कामांचे व दवाखान्यांचे दप्तर धुंडाळू शकतो. नान्नजच्या माळापासून सीनाकाठच्या पूरग्रस्त गावांपर्यंत असे सर्वेक्षण एका शैक्षणिक वर्षात हाती घेता येण्याजोगे आहे. पुढील अतिवृष्टीपूर्वी ते झाले, तर पुरानंतर विंचू कोठून कोठे सरकले याचे उत्तर सोलापूर जिल्ह्याजवळ प्रथमच आकड्यांत असेल.